नोराचं आजोळ

सुमतीकाकूंना कुणी नवीन माणूस भेटला की त्या पाच मिनिटांत त्याच्या आईच्या माहेरापर्यंत पोचायच्या. नाव, हुद्दा, तब्येत या गोष्टी त्यांच्या लेखी किरकोळ होत्या. "ते काय, आज आहे, उद्या बदललं. आईचं माहेर बदलत नाही," असं त्या म्हणत. अकोल्यात हे खपून जायचं. पण वर्षातले सहा महिने त्या मुलाकडे, म्हणजे अमोलकडे, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीत असायच्या आणि तिथे हाच प्रश्न इंग्रजीतून फिरायचा. "युअर मदर, बिफोर मॅरेज, फ्रॉम व्हिच व्हिलेज?" हे त्यांनी किराणा दुकानातल्या गल्ल्यावरच्या मुलीला विचारलं. दात साफ करणाऱ्या बाईला तर स्वतःच्या तोंडात नळी असताना विचारलं. एकदा माझी गाडी जोरात होती म्हणून पोलिसाने थांबवली, तेव्हा काच खाली होताच पहिला प्रश्न त्याने नव्हे, काकूंनी विचारला. त्याची आई अलाबामाची निघाली. दंड झालाच, पण जाताना तो काकूंना आईच्या हातच्या पीचच्या मुरंब्याबद्दल बरंच काही सांगून गेला.

मी अमोलच्या दोन घरं पलीकडे राहते. काकूंना गाडी येत नव्हती आणि मी आठवड्यातले तीन दिवस घरून काम करायची, त्यामुळे त्यांचं सारथ्य आपोआप माझ्याकडे आलं. "मेधा, तू काही करून नाही राहिली ना?" असा त्यांचा फोन यायचा. मी मीटिंगमध्ये असले तरी त्यांच्या दृष्टीने मी काही करत नसायचे, कारण मी बसलेली असायचे.

त्या हायस्कुलात भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. बुटक्या, गोल, सुती नऊवार नाही पण सहावारच, त्यावर अमोलचा जुना हुडी आणि पायात पांढरेशुभ्र स्नीकर. घराण्यातली बहुतेक लग्नं त्यांनी जमवलेली. स्थळाची चौकशी करताना मुलाविषयी त्या एक अक्षर विचारत नसत. मुलाच्या आईचं माहेर शोधायचं, तिथल्या कुणाला तरी गाठायचं, मग मुलगा कसा ते आपोआप कळतं, अशी त्यांची रीत होती. अमोल वैतागायचा. "आई, इथे असं पर्सनल विचारत नाहीत." त्यावर काकू म्हणत, "मग काय विचारतात, पाऊस पडेल का? ते तर फोनवरच दिसते."

शेजारी पॅट राहायचा. पंचाहत्तरीचा, उंच, निवृत्त, बायको वारलेली. एका सकाळी तो अंगणातली पानं गोळा करत होता आणि काकूंनी कुंपणावरून त्याला धरलं. आपली माणसं आयर्लंडची, असं तो अभिमानाने म्हणाला. आयर्लंडमधली कुठली? कॉर्कची. कॉर्कातलं गाव कोणतं? माहीत नाही. आजीचं माहेर? तेही माहीत नाही. काकू आत आल्या त्या चिंतेतच. "एवढा मोठा माणूस. आजीचं माहेर माहीत नाही आणि खुशाल पानं झाडून राहिला."

पण पॅट खुशाल नव्हता. हळूहळू त्याने सगळं सांगितलं. त्याची आजी नोरा ड्रिस्कॉल सोळाव्या वर्षी एकटी बोटीने बॉस्टनला आली. घराविषयी ती जन्मात बोलली नाही. तिच्या अमेरिकेतल्या लग्नाच्या कागदावर बापाचं नाव होतं, टिमथी, शेतकरी. आईच्या नावाची जागा मात्र कोरी होती. त्या कोऱ्या जागेवरून सासरच्या बायकांनी तिला आयुष्यभर ऐकवलं की ही अनाथालयातून आणलेली, हिला आईच नव्हती. पॅटची थोरली बहीण आयलीन नोराच्या मांडीवर वाढलेली. चुलत भाऊ शाळेत हेच बोलला म्हणून तिने त्याचं नाक फोडलं होतं. आता आयलीन नव्वदीला टेकली होती, जवळच्याच वृद्धांच्या केंद्रात राहत होती आणि तिची स्मृती उसवत चालली होती. पॅट भेटायला गेला की ती एकच विचारायची, "शोधलंस का? नोराला आई होती का?" तिला उत्तर समजेल एवढं भान शिल्लक आहे तोवर ते शोधायचं, एवढीच पॅटची धडपड होती.

हे ऐकल्यावर काकूंनी ते काम स्वतःकडे घेतलं. पॅटने दिलं नव्हतं, यांनी घेतलं. त्या दिवसापासून तो पॅटभाऊ झाला आणि त्या त्याच्यासाठी 'मिसेस काकू' झाल्या. काकू हेच त्यांचं आडनाव, अशी त्याची शेवटपर्यंत समजूत होती.

आमच्या लायब्ररीत दर गुरुवारी सकाळी पूर्वज शोधणारी मंडळी जमायची. सगळे निवृत्त, सगळ्यांकडे थर्मास, लॅपटॉप आणि भिंग. आयर्लंडच्या सरकारी जन्मनोंदींची जुनी पानं आता घरबसल्या पडद्यावर दिसतात, हे आम्हाला तिथे कळलं. एकेका ओळीत बाळाचं नाव, जन्मतारीख, जन्मठिकाण, बापाचं नाव, गाव, धंदा आणि पुढे आईचं नाव, तिच्या माहेरच्या आडनावासकट. शेवटी खबर देणाऱ्याची सही. काकूंनी त्या पानाकडे बराच वेळ टक लावून पाहिलं. मग म्हणाल्या, "बघ मेधा, सरकारलासुद्धा कळते काय विचारायचं ते."

त्या गटात एक गृहस्थ होते, त्यांनी आपलं घराणं कुठल्याशा आयरिश राजापर्यंत नेलं होतं. भिंतीएवढा तक्ता करून आणला होता. सगळे वाहवा करत असताना काकूंनी चिवड्याचा डबा पुढे केला आणि विचारलं, "व्हेरी नाइस. अँड युअर मदर्स मदर?" गृहस्थांनी चिवडा घेतला, चष्मा पुसला, तक्त्याकडे पाहिलं. आईच्या आईचं नाव त्यांना ठाऊक नव्हतं. पुढच्या गुरुवारी ते राजाला घरी ठेवून आले आणि आजीला शोधायला बसले. "यांची सगळी वंशाची झाडं एकाच बाजूला, बापाकडे, कललेली आहेत," असं काकूंचं निरीक्षण होतं, आणि ते खरंच होतं.

आता काकू सर्वज्ञ होत्या असा कुणाचा समज व्हायला नको. सुरुवातीलाच त्यांनी पॅटचे दोन आठवडे पाण्यात घातले. नोरा नावाची मुलगी टिमथी ड्रिस्कॉलच्या नावावर कुठे सापडेना, तेव्हा त्यांनी जाहीर केलं की नाव शोधून उपयोग नाही, कारण ते सासरचं नाव आहे. मुलीचं पहिलं नाव लग्नात बदलतं हे त्यांना इतकं उघड वाटत होतं की पॅट काय सांगतोय ते त्यांच्या कानातच शिरेना. "मिसेस काकू, आमच्यात आडनाव बदलतं. पहिलं नाव तेच राहतं."

"तुम्हाला सांगितलं नसेल, पॅटभाऊ. मी पण नलिनी होते. ताटात तांदूळ पसरून अंगठीने सुमती लिहिलं की झालं. नणंदेचं नाव नलिनी होतं ना."

पॅटला ताट, तांदूळ, अंगठी यातलं काही कळलं नाही, पण काकूंच्या आवाजातली खात्री कळली. मग वयात बसणारी, कुठल्या तरी टिमथीची 'केट' म्हणून एक मुलगी सापडली. काकूंनी तिलाच नोरा ठरवलं. पॅटने छापील प्रत काढली. आयलीनला सांगायला जाणार एवढ्यात गटातल्या एका बाईंनी त्याच केटच्या लग्नाची नोंद काढून दाखवली. केट आयर्लंडातच नांदत होती आणि अमेरिकेचं तोंड तिने कधी पाहिलं नव्हतं. मला वाटलं काकू खजील होतील. त्या म्हणाल्या, "बरं झालं बाई, लग्न झालं तिचं." आणि पुढे चार दिवस केटच्या सासरची माणसं बरी होती का, याची त्यांना काळजी लागून राहिली.

खरा पेच त्यानंतर आला. आयलीनला एका चांगल्या दिवशी आठवलं की नोराला डेनिस नावाचा भाऊ होता. पॅटने डेनिस ड्रिस्कॉल शोधला आणि घबाडच हाती लागलं. बाप टिमथी, आई जोहाना, माहेरची हेगर्टी. त्याच घरात डेनिसच्या मागे ओळीने भावंडं. मेरी, जॉन, एलन, मायकेल, सगळी एकाच खेड्यात जन्मलेली, सगळी व्यवस्थित नोंदलेली. नोरा तेवढी कुठेच नव्हती. पॅटने एकेक पान पुन्हा पाहिलं, आजूबाजूची वर्षंही पाहिली. नंतर तो गुरुवारी यायचा बंद झाला.

काकू मला घेऊन त्याच्या घरी गेल्या. सोबत पोहे. पॅट स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसला होता, समोर बंद लॅपटॉप. म्हणाला, "त्या बायका खरं बोलत होत्या, असं दिसतंय. सगळी पोरं आहेत आणि तीच नाही. म्हणजे ती त्या घरात आणलेली. डेनिसला भाऊ म्हणत असेल, पण ती त्यांची नव्हती. आयलीनला मी हे कसं सांगू?" एवढा धिप्पाड माणूस, पण ते बोलताना त्याने टेबलावरची मीठदाणी उगाच चारदा सरकवली. मला वाईट वाटलं. आपण याला नादी लावलं, असंही वाटलं.

काकूंनी पोह्यांचं झाकण काढलं. "लग्न कधी झालं?"

"कुणाचं?"

"त्या दोघांचं. आईबापाचं."

पॅट जन्म शोधत होता, लग्न बघायचं त्याच्या मनातच आलं नव्हतं. त्याने नाराजीनेच लॅपटॉप उघडला. लग्नाची नोंद निघाली. वधू जोहाना हेगर्टी, राहणार भलत्याच गावची, नोंदणीचं कार्यालयही दुसरं. आणि त्या लग्नाला डेनिसच्या जन्मापर्यंत जवळजवळ तीन वर्षं उलटली होती. काकू खुर्चीवरून उठल्या. भूगोलाच्या तासाला नकाशासमोर उभ्या राहत असतील तशा पडद्यासमोर उभ्या राहिल्या.

"तीन वर्षं पाळणा हलला नाही, त्या काळात? काहीतरीच. पॅटभाऊ, फर्स्ट बेबी. फर्स्ट बेबी गोज टू माहेर."

पॅटने माझ्याकडे पाहिलं. मी समजावलं की आमच्याकडे पहिलं बाळंतपण आईकडे करतात. मुलगी सातव्या महिन्यात माहेरी जाते, तिथे बाळ होतं, दोनतीन महिन्यांनी ती सासरी परतते. तो म्हणाला, हे इंडियात ठीक आहे, आयर्लंडचं काय? काकूंना हा प्रश्नच विचित्र वाटला. "आयर्लंडात काय सासू डिलिव्हरी करून देते?" त्यांनी मला मराठीत विचारलं. मग इंग्रजीत त्याला म्हणाल्या, "शी वॉज गर्ल, ना? अफ्रेड असेल. कुठे जाईल?"

पॅटने माहेरचं कार्यालय निवडलं. पहिलं वर्ष, काही नाही. दुसऱ्या वर्षाचं पान उघडलं. मी पोह्यांचा घास हातात तसाच धरून बसले होते. मध्यावर ती ओळ होती. ऑनोरा, मुलगी. बाप टिमथी ड्रिस्कॉल, सासरच्या खेड्याचा शेतकरी. आई जोहाना, माहेरची हेगर्टी. जन्म हेगर्टींच्या खेड्यात. आणि शेवटच्या रकान्यात खबर देणारी, मार्गारेट हेगर्टी, जन्माच्या वेळी हजर. तिला लिहिता येत नव्हतं. कारकुनाने नाव लिहून मध्ये जागा सोडली होती आणि तिथे एक फुली होती.

पॅटने चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, जसा त्या कुणाच्याही पाठीवर ठेवायच्या. "आई आहे, पॅटभाऊ. आईची आईसुद्धा आहे." मग त्यांना राहवलं नाही. "अँड सी, नेम चेंज्ड. ऑनोरा टु नोरा. मी सांगितलं होतं." लाडाने नाव लहान करणं वेगळं आणि लग्नात बदलणं वेगळं, हे त्यांना कुणी समजावलं नाही. त्या दिवशी त्यांना काहीही बोलायची मुभा होती.

आयलीनकडे आम्ही तिघं गेलो. ती खिडकीपाशी चाकाच्या खुर्चीत होती, केस नीट विंचरलेले, ओठांना लाली, डोळे तल्लख. चांगला दिवस होता. पॅटने तिच्या मांडीवर छापील पान ठेवलं आणि ओळ वाचून दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "ही आपली नाही. यात मार्च लिहिलाय. नोराचा वाढदिवस फेब्रुवारीची पहिली, संत ब्रिजिटचा दिवस. दर वर्षी ती स्वतःसाठी मेणबत्ती लावायची. दुसऱ्याची आजी माझ्या गळ्यात बांधू नकोस, पॅट." आणि तिने पान परत केलं.

पॅटचा चेहरा उतरला. त्याला कारण माहीत होतं, गटात ते सगळ्यांना माहीत असतं. मुदतीत नोंद केली नाही तर दंड व्हायचा, म्हणून लोक कार्यालयात पोचायला उशीर झाला की जन्मतारीखच पुढे ढकलून सांगत. पण ते रुक्षपणे सांगून बहिणीला पटणार नव्हतं. काकूंनी खुर्ची ओढली आणि आयलीनच्या गुडघ्याला गुडघा लागेल अशा बसल्या.

"माय बर्थडे, फर्स्ट जून," त्या म्हणाल्या. "माय हजबंड, फर्स्ट जून. माय ब्रदर, फर्स्ट जून. हाफ अकोला, फर्स्ट जून."

आयलीन हसली. "एवढ्या सगळ्यांना एकाच दिवशी कसं जमलं?"

मग काकूंनी सांगितलं आणि मी मध्येमध्ये शब्द पुरवले. शाळेत घालताना गुरुजींनी विचारलं, मुलगी कधीची? आई म्हणाली, हुरड्याच्या दिवसांतली. गुरुजींनी एक जून लिहिलं, कारण जूनमध्ये शाळा सुरू होते आणि वय बरोबर बसतं. "बर्थडे इज फॉर होम. डेट इज फॉर गव्हर्नमेंट." आयलीन ऐकत राहिली. काकूंनी ते पान तिच्या मांडीवर परत ठेवलं, फुलीवर बोट टेकवलं आणि पुढचं मराठीतच बोलल्या, कारण इंग्रजी तिथवर पोचत नव्हतं. मी ते जसंच्या तसं सांगितलं. "ही म्हातारी थंडीवाऱ्यात कितीतरी मैल चालत गेली असेल. मुदत टळली होती. साहेबासमोर उभी राहून तोंड वर करून खोटी तारीख सांगितली आणि फुली मारून घरी आली. अनाथ पोरीसाठी कोण एवढी लबाडी करतं? ही आजीच."

आयलीनने त्या फुलीवर स्वतःचं बोट ठेवलं. मग म्हणाली, "हो. नोरापण कारकुनांना असंच फसवायची." आणि ती रडली. पॅट रडला, मी रडले. काकू रडल्या नाहीत. त्या आयलीनला विचारत होत्या, "अँड युअर मदर, शी वेंट टु नोरा फॉर फर्स्ट बेबी?"

इथे गोष्ट संपायला हवी होती, पण म्हातारपण गोष्टीत बसत नाही. पुढच्या गुरुवारी आयलीन सगळं विसरली होती. पान भिंतीवर टाचलेलं होतं, तरी तिने विचारलं, "शोधलंस का? नोराला आई होती का?" पॅट खचला. त्याला वाटलं, एवढं करून उशीरच झाला. काकूंना मात्र त्यात काही वावगं दिसलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. तेव्हापासून लायब्ररीनंतर केंद्रात जायचं हा आमचा नेम झाला. दर वेळी आयलीन विचारायची आणि दर वेळी काकू सांगायच्या, कालच कळल्यासारखं. त्यात भरही पडत गेली. जोहानाला न्यायला भाऊ बैलगाडी घेऊन आला. मार्गारेटने पायावर घेऊन नातीला न्हाऊ घातलं. एके दिवशी मार्गारेटने लेकीसाठी डिंकाचे लाडू केले तेव्हा पॅटने हरकत घेतली. "मिसेस काकू, हे नोंदीत नाही."

"नोंदीत कशाला असेल, लाडू काय सरकारने केले?" त्या मला म्हणाल्या, आणि आयलीनला लाडवात काय काय घालतात ते सांगू लागल्या.

काकू आता नाहीत. गुडघ्यांमुळे पुढच्या वर्षी येणं लांबलं आणि मग अमोल अचानक अकोल्याला गेला, तेव्हा मला कळलं. मला त्या फार आठवतात. फोन वाजला की अजून वाटतं, मी काही करत नसल्याचं कुणीतरी आता सांगणार.

माझ्या डोळ्यांसमोर राहिल्या आहेत त्या निघायच्या दिवशीच्या. बॅगा गाडीत होत्या, विमानाची वेळ झाली होती, वाटेत फक्त दोन मिनिटं आयलीनला भेटायचं ठरलं होतं. त्या दिवशी आयलीन झोपेतच असल्यासारखी होती. पॅटलाही तिने नीट ओळखलं नाही. काकूंनी तिचा हात हातात घेतला, कपाळाला कुंकू लावलं आणि आम्ही निघालो. दारात पोचलो तेव्हा मागून बारीक आवाज आला, "नोराला आई होती का?"

मी घड्याळाकडे पाहिलं. म्हटलं, काकू, खरंच उशीर होतोय. पॅट म्हणाला, मी सांगतो तिला, तुम्ही निघा.

काकूंनी खांद्यावरची पर्स काढून माझ्याकडे दिली, कोटाची बटणं सोडली आणि आत जाऊन खुर्ची ओढली. "होती ना," त्या म्हणाल्या. "सातवा महिना लागला होता, आणि जोहाना दारात येऊन उभी राहिली तर आई वाटच पाहत होती."